मंडळाची सरासरी आणि काठावरचं वावर

पावसाळ्यात जिल्ह्याच्या पर्जन्यमानाचा तक्ता रोज सकाळी निघतो. वाशिम जिल्ह्याच्या तक्त्यात रिसोड तालुक्याखाली महसूल मंडळांची नावं असतात. त्यांतलं एक रिठद. नावापुढे मिलिमीटरमधला एकच आकडा. तो 60 असेल तर जोरदार पाऊस झाला एवढंच. 65च्या वर गेला की शासनाच्या लेखी ती अतिवृष्टी, आणि मग तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक यांच्या पंचनाम्याची वाट मोकळी होते. नुकसान 33 टक्के किंवा त्याहून जास्त भरलं तर मदतीच्या यादीत नाव चढतं. सोयाबीन आणि तुरीवर वर्षाचं गणित बसवणाऱ्या या गावांत तो आकडा म्हणूनच सकाळी सकाळी मोबाइलवरून घरोघर पोचतो.

एका आकड्यावर एवढा भार का, हे शोधू लागलो की वाट फार लांब जाते. पुण्याच्या हवामानशास्त्र संस्थेत जाते, गोखले अर्थशास्त्र संस्थेत जाते, काठमांडूच्या व्यापारात जाते आणि अखेरीस लेझरच्या प्रकाशात थंड केलेल्या अणूंच्या ढगापर्यंत पोचते. पूरधोका, प्रादेशिक आर्थिक एकात्मता आणि क्वांटम नियंत्रण ही तीन संशोधनक्षेत्रं विद्यापीठात एका इमारतीत बसत नाहीत, त्यांची माणसं एकमेकांचे शोधनिबंध वाचत नाहीत. पण रिठदच्या शिवारातून बघितलं तर तिघांपुढे प्रश्न एकच आहे. सरासरी कुठल्या तुकड्याची काढायची, आणि तिच्यापासून दूर पडलेल्याचं काय करायचं?

आधी पाऊस. हवामान खात्याच्या प्रमाणित पर्जन्यमापकाचं तोंड 200 चौरस सेंटिमीटरचं असतं, म्हणजे दोन तळहात शेजारी ठेवले तर भरेल एवढं. महाराष्ट्रात ‘महावेध’ प्रकल्पातून महसूल मंडळांच्या पातळीवर दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रं उभी राहिली. साधारण 12 बाय 12 किलोमीटरच्या टापूला एक, असा त्यामागचा हिशेब. भागाकार करून पाहा: 144 चौरस किलोमीटरवर पडलेल्या पावसाचा 720 कोटींवा भाग त्या तोंडात पडतो, आणि उरलेल्या सगळ्याबद्दल तोच बोलतो. पूर्वी तालुक्याला एक मापक असायचा, त्या मानाने ही मोठीच सुधारणा आहे. ती घडवणाऱ्यांचं श्रेय कमी करायचं नाही. पण एका बाजूच्या धुऱ्यावर धो धो आणि पलीकडच्या शिवारात भुरभुर, हा पाऊस वऱ्हाडातल्या कुणालाही नवा नाही.

वेळेचीही एक अडचण आहे. हवामान खात्याचा दिवस मध्यरात्री उलटत नाही, सकाळी साडेआठला उलटतो. समजा, पहाटे पाचला पाऊस सुरू झाला आणि दुपारपर्यंत 80 मिलिमीटर झाला. त्यातला 40 साडेआठच्या आधीचा, 40 नंतरचा. तर तक्त्यात लागोपाठच्या दोन दिवसांपुढे 40-40 लागतात आणि 65ची रेषा एकाही दिवशी ओलांडली जात नाही. नाला मात्र त्या काही तासांतच धुऱ्यावरून वाहून गेलेला असतो. पुराला मोजण्याचा खरा घटक तास आहे. आपली मदतीची भाषा अजून दिवसाची आहे. स्वयंचलित केंद्रं काही मिनिटांच्या अंतराने नोंद ठेवू शकतात, म्हणजे ही अडचण यंत्राची नाही, नियमाची आहे.

सरासरी किती फसवू शकते हे पुण्यातल्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने दोनदा दाखवून दिलं. बी. एन. गोस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2006 साली ‘सायन्स’मध्ये मध्य भारतातल्या 1951 ते 2000 या काळातल्या दैनंदिन पावसाचा अभ्यास मांडला. मोसमी पावसाची एकूण सरासरी फारशी हललेली नव्हती. पण तिच्या पोटात मोठी उलथापालथ झाली होती: अतिमुसळधार पावसाचे दिवस वाढले होते, मध्यम पावसाचे कमी झाले होते, आणि बेरीज जिथल्या तिथे राहिली होती. नुसती बेरीज पाहणाऱ्याला सगळं ठीक दिसलं असतं. पुढे 2017 मध्ये याच संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकारी यांनी ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये दाखवलं की 1950 ते 2015 या काळात मध्य भारतात मोठ्या टापूवर एकाच वेळी पडणाऱ्या अतितीव्र पावसाच्या घटना तिपटीने वाढल्या. अतितीव्र म्हणजे दिवसाला 150 मिलिमीटरच्या पुढे. कारण त्यांनी उत्तर अरबी समुद्रावरच्या वाऱ्यांच्या वाढलेल्या चढउतारात शोधलं. रिठदच्या शेतकऱ्याच्या अनुभवाशी हे जुळतं. पाऊस कमी झाला असं तो म्हणत नाही. पाऊस ‘खंड देऊन एकदम येतो’ असं म्हणतो.

एकदम आलेल्या पावसाला इथली जमीनही साथ देते. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, तेव्हा पहिला पाऊस तिच्यात नुसता ओतल्यासारखा जिरतो. मग ती फुगते, भेगा मिटतात, आणि जिरणं जवळजवळ थांबतं. खाली थोड्या खोलीवर मुरूम आणि काळा दगड. ऑगस्ट-सप्टेंबरात जमीन आधीच तुडुंब असताना 144 चौरस किलोमीटरवर 100 मिलिमीटर पडला तर ते पाणी होतं 14.4 दशलक्ष घनमीटर. त्यातलं निम्मं जरी काही तासांत ओढ्यानाल्यांनी पैनगंगेकडे निघालं तरी काठच्या वावराची वरची वीतभर माती सोबत जाते. शेंगा भरलेलं सोयाबीन आडवं होऊन त्यावर गाळ बसतो. पाणी ओसरल्यावर चार-पाच दिवसांनी शेंगेतच कोंब दिसू लागतात. हे पीक वाचत नाही, आणि ते उपटून जागा मोकळी करायलाही मजुरी लागते. माती गेली असेल तर नुकसान एका हंगामाचं नाही. आपत्ती निवारण निधीच्या निकषांत जिरायती पिकाला हेक्टरी 8,500 रुपये आणि खरडून गेलेल्या जमिनीला अल्पभूधारकासाठी हेक्टरी 47,000 रुपये आहेत. काळ्या मातीचा तो थर तयार व्हायला किती शतकं लागली, याला निकषात जागा नाही.

पैनगंगेचं खोरं प्रशासनाची कुठलीच हद्द मानत नाही. बुलडाणा जिल्ह्यात उगम, मग वाशिम, हिंगोली, यवतमाळ, नांदेड, पुढे तेलंगणाची सीमा, आणि शेवटी वर्धा नदी. मध्ये इसापूरचं मोठं धरण. त्याच्या पाण्याचा लाभ मुख्यतः खालच्या जिल्ह्यांना. वाशिमच्या वाट्याला सिंचन यावं म्हणून नदीपात्रात बॅरेजची साखळी बांधली गेली. सिंचन वाढलं हे खरं, आणि पुरात बॅरेजच्या बाजूने पाणी वळून काठ खचतात, वावरं खरडतात अशा तक्रारीही काठच्या गावांतून येत राहिल्या. एका नियोजनात दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात. लाभ खोऱ्याभर पसरतो, तोटा दोन-चार गटनंबरांवर एकवटतो.

इथे वि. म. दांडेकरांपाशी यावं लागतं. रिठदसारख्या गावाच्या नशिबावर ज्या विद्वानाचा ठसा सगळ्यात खोल उमटला, तो हा अर्थशास्त्रज्ञ. पुण्याच्या गोखले संस्थेतल्या या माणसाचं नाव नीलकंठ रथ यांच्यासोबत लिहिलेल्या ‘भारतातील दारिद्र्य’ या 1971च्या अभ्यासासाठी आठवलं जातं. त्यांची दुसरी दोन कामं मात्र रोजच्या व्यवहारात जास्त शिरली. एक पीकविम्याचं, दुसरं अनुशेषाचं.

पीकविम्याची कल्पना जुनी आहे. म्हैसूरच्या जे. एस. चक्रवर्ती यांनी 1920 मध्येच पावसावर आधारलेला विमा सुचवला होता. स्वातंत्र्यानंतर घोडं अडलं ते एका प्रश्नावर: प्रत्येक शेतकऱ्याचं नुकसान मोजायचं कसं? लाखो वावरं, पाव-अर्ध्या एकराचे तुकडे, नोंदी नाहीत, आणि विमा उतरवल्यावर मशागतीत हात आखडता घेण्याचा मोह. 1976 साली दांडेकरांनी ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त उत्तर दिलं. एकेक शेत मोजूच नका. साधारण एकाच जातीच्या परिस्थितीचं, एकजिनसी क्षेत्र घ्या. त्या क्षेत्राचं सरासरी उत्पादन ठरावीक पातळीखाली गेलं तर तिथल्या सगळ्यांना सारख्या प्रमाणात भरपाई द्या. 1985 साली केंद्राची सर्वंकष पीकविमा योजना याच तत्त्वावर आली, आणि 2016ची प्रधानमंत्री पीकविमा योजनाही मुळात त्याच पायावर उभी आहे. त्या काळच्या साधनांत याहून शहाणी तोड कुणाकडे नव्हती, असं मला वाटतं.

सरासरी काढण्याचं हत्यारही मराठी संख्याशास्त्रज्ञांनी घासून दिलं. पीक कापणी प्रयोग ज्याने पाहिलाय त्याला ती शिस्त आठवेल. यादृच्छिक आकड्यांवरून गटनंबर निवडायचा. शेताच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात उभं राहायचं, ठरलेली पावलं लांबीत आणि रुंदीत मोजायची, खुंटी ठोकायची. सोयाबीनला 10 मीटर बाय 5 मीटरचा चौकोन दोरीने आखायचा, कर्ण मोजून काटकोन तपासायचा. दोरीच्या आतलं तेवढंच सोंगायचं, ताडपत्रीवर मळायचं, उफणायचं, तोलायचं. पां. वा. सुखात्मे आणि वि. गो. पानसे यांनी 1940च्या दशकात ही पद्धत देशभर बसवली. चौकोन एवढा मोठा का, यावरून सुखात्म्यांचा प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्याशी गाजलेला वाद झाला होता. लहान तुकडा घेतला तर कडेवरची झाडं आत ओढण्याकडे कापणाऱ्याचा हात झुकतो आणि उत्पादन फुगून दिसतं, हे सुखात्म्यांनी आकड्यांनी सिद्ध केलं. मोजण्याच्या तुकड्याचा आकार निकाल बदलतो, हे त्यांनी ऐंशी वर्षांपूर्वी पन्नास चौरस मीटरच्या चौकोनात दाखवून ठेवलं होतं.

महाराष्ट्रात आज विम्याचा घटक आहे महसूल मंडळ. उंबरठा उत्पादन निघतं ते गेल्या सात वर्षांतल्या सर्वोत्तम पाच वर्षांच्या सरासरीला 70 टक्के जोखीमस्तराने गुणून. आता एक कल्पित मंडळ घ्या. शंभर शेतकरी, प्रत्येकाचं सारखंच क्षेत्र, नेहमीचं उत्पादन एकरी 8 क्विंटल. उंबरठा झाला 5.6. पूर आला आणि काठावरच्या 25 जणांचं सगळं गेलं, हाती शून्य. उरलेल्या 75 जणांना 8-8 क्विंटल झालं. मंडळाची सरासरी 6 क्विंटल, उंबरठ्याच्या वर. भरपाई कुणालाच नाही. 30 जण पूर्ण बुडाले तरी सरासरी जेमतेम 5.6वर टेकते. शंभरातले तीस लोक नागवले गेले तरी कागदावर मंडळ सुखरूप.

दुष्काळात हे होत नाही. पाऊस रुसला तर तो सगळ्या मंडळावर रुसतो, मग सरासरी पडते आणि सगळ्यांना थोडंबहुत मिळतं. दुष्काळ पसरतो, पूर निवडतो. दांडेकरांच्या पद्धतीचा जन्म जिरायती, अवर्षणप्रवण देशाच्या चिंतेतून झाला. तिथे क्षेत्र खरोखर बरंचसं एकजिनसी असतं. पैनगंगेच्या काठची काळीभोर पट्टी आणि दोन कोसांवरचं मुरमाड बरड एका मंडळात येतात, पण पुरापुढे ते एकजिनसी नसतात.

ही उणीव योजना आखणाऱ्यांच्याही लक्षात आली होती. म्हणून स्थानिक आपत्तीत वैयक्तिक पंचनाम्याची सोय होती: वावरात पाणी शिरलं की 72 तासांच्या आत पूर्वसूचना द्यायची. त्यात गैरप्रकार झाले, बोगस अर्ज निघाले, शेतकऱ्याकडून हप्ता म्हणून एकच रुपया घेणाऱ्या राज्याच्या योजनेच्या काळात अर्जांचा ढीग वाढला, हेही खरं. 2025च्या खरिपापासून राज्याने एक रुपयाची योजना बंद केली आणि सोबत स्थानिक आपत्तीसारखे जादा निकषही काढून टाकले. भरपाई आता पीक कापणी प्रयोगातून निघणाऱ्या मंडळाच्या उत्पादनावर. आणि त्याच 2025च्या पावसाळ्यात विदर्भ-मराठवाड्यात पुराने हाहाकार केला. बोगसगिरी थांबवायलाच हवी होती. पण काठावरच्या माणसाला त्याचं स्वतःचं नुकसान दाखवण्याची जी एक खिडकी होती तीही बंद झाली, ही या निर्णयाची जबर किंमत आहे. ती शंभरातले पंचवीस जण भरतात.

दांडेकरांचं दुसरं काम, अनुशेषाचं. 1953च्या नागपूर कराराने विदर्भ संयुक्त राज्यात यायला तयार झाला, 1 मे 1960ला महाराष्ट्र झाला. वेगवेगळ्या इतिहासाचे प्रदेश एका अर्थव्यवस्थेत आणणं हीच प्रादेशिक एकात्मता, आणि तिचा हिशेब तेवीस वर्षांनी मांडायची वेळ आली. 1983 साली नेमलेल्या सत्यशोधन समितीचे अध्यक्ष दांडेकर. 1984च्या अहवालात त्यांनी सिंचन, रस्ते, शिक्षण, आरोग्य अशा एकेका क्षेत्रात राज्याची सरासरी काढली, आणि जो जिल्हा तिच्या खाली तेवढा त्याचा अनुशेष, अशी व्याख्या केली. एकूण अनुशेष निघाला 3,186.78 कोटी रुपये. त्यातला विदर्भाचा वाटा सुमारे 39 टक्के. विदर्भाच्या गाऱ्हाण्याला पहिल्यांदा आकडा मिळाला आणि पुढची चाळीस वर्षं राजकारण त्या आकड्याभोवती फिरलं.

तिथेही घटक होता जिल्हा. 1984 साली वाशिम नावाचा जिल्हाच नव्हता. तो 1 जुलै 1998ला अकोल्यातून वेगळा झाला. तोवर रिसोड-मालेगावच्या पट्ट्याचं मागासलेपण अकोल्याच्या सरासरीत मिसळलेलं होतं. वेगळा झाल्यावर चित्र उघडं पडलं: सिंचनाचा अनुशेष सगळ्यात शेवटपर्यंत रेंगाळलेल्या जिल्ह्यांत वाशिम, आणि 2018 साली केंद्राने आकांक्षित जिल्हे निवडले तेव्हा महाराष्ट्रातल्या चार नावांत नंदुरबार, गडचिरोली, उस्मानाबादसोबत वाशिम. माणसं तीच, जमीन तीच. रेघ बदलली आणि गरज दिसू लागली. विजय केळकर समितीने 2013च्या अहवालात तालुका हा घटक धरण्यावर भर दिला तो याचसाठी.

युरोपात हेच घडलं. तिथल्या संघात गरीब प्रदेशांना जास्त निधी मिळतो. प्रदेशाचं दरडोई उत्पन्न संघाच्या सरासरीच्या 75 टक्क्यांखाली असावं लागतं. पोलंडची राजधानी वॉर्सा आणि तिच्याभोवतीचा ग्रामीण माझोव्हिया एकाच सांख्यिकी प्रदेशात होते, राजधानीच्या श्रीमंतीने गावं निकषाबाहेर गेली. 2018पासून आकडेवारीपुरती वॉर्सा वेगळी काढली गेली. हंगेरीने बुडापेस्टचं तेच केलं. संख्याशास्त्रात या रोगाचं निदान केव्हाच झालेलं आहे. 1950 साली विल्यम रॉबिन्सन यांनी अमेरिकेच्या जनगणनेतून दाखवलं की राज्यांच्या सरासऱ्यांत जो संबंध दिसतो तो माणसांच्या पातळीवर चक्क उलटा निघू शकतो.

एकात्मतेचा दुसरा धागा रिठदच्या सोयाबीनच्या पोत्यापर्यंत येतो, आणि तो राज्याचा नाही, दक्षिण आशियाचा आहे. सार्क देशांचा मुक्त व्यापार करार, साफ्टा, 2006पासून लागू झाला. त्याखाली नेपाळसारख्या अल्पविकसित देशाचा माल भारतात शुल्काविना येऊ शकतो. नेपाळात सोयाबीन नाममात्र पिकतं. तरी शुद्ध केलेलं सोयाबीन तेल नेपाळच्या निर्यातीतली मोठी वस्तू झालं. कच्चं तेल अर्जेंटिनासारख्या दूरच्या देशांतून येतं, नेपाळात शुद्ध होतं आणि सीमेवरून भारतात उतरतं. 2024च्या सप्टेंबरात आपल्या शेतकऱ्याला भाव मिळावा म्हणून केंद्राने कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ सीमाशुल्क शून्यावरून 20 टक्क्यांवर नेलं, तेव्हा या आडवाटेचा नफाही तेवढाच वाढला. 2025च्या मे अखेरीस ते शुल्क 10 टक्क्यांवर उतरवलं गेलं.

जेकब वायनर यांनी 1950 साली ‘द कस्टम्स युनियन इश्यू’मध्ये असल्या करारांची दोन फळं वेगळी केली. स्वस्तात बनवणाऱ्याकडून माल येऊ लागला तर व्यापार निर्माण होतो. केवळ करात सूट आहे म्हणून माल भलत्या वाटेने येऊ लागला तर व्यापार वळतो. नेपाळी तेल हे वळलेल्या व्यापाराचं पाठ्यपुस्तकी उदाहरण आहे. त्याने नेपाळच्या कारखान्यांना काम मिळालं, भारतातल्या गिऱ्हाइकाला चार पैसे स्वस्त तेल मिळालं. देशाची सरासरी काढली तर फार काही बिघडलं नाही. बिघडलं ते ज्यांचं सगळं उत्पन्न सोयाबीनच्या भावावर आहे अशा मोजक्या जिल्ह्यांत. 2025-26 साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 5,328 रुपये होता. बाजारात तो मिळत नाही ही तक्रार आणि पुराने एकरी उतारा घटला ही तक्रार एकाच घरात, एकाच महिन्यात येते. व्यापाराचा अभ्यासक आणि जलशास्त्रज्ञ ती वेगवेगळ्या रकान्यांत टाकतात. घराला रकाने नसतात.

आता तिसरं क्षेत्र, जे रिठदपासून सगळ्यात लांबचं वाटतं. पुराचा अंदाज बांधायला फक्त पडणारा पाऊस पुरत नाही. जमिनीने आधीच किती पाणी पोटात घेतलंय हेही कळावं लागतं. पाण्याला वस्तुमान असतं, आणि वस्तुमान गुरुत्वाकर्षण बदलतं. 2002 साली झेपावलेल्या ग्रेस उपग्रहांच्या जोडीने हेच मोजलं. त्या मोजणीवरून अमेरिकेतल्या 2011च्या मिसूरी पुराची लक्षणं कित्येक महिने आधी खोऱ्यात साठलेल्या पाण्यात दिसत होती, असं 2014च्या ‘नेचर जिओसायन्स’मधल्या अभ्यासाने दाखवलं. पण ग्रेसला एका नजरेत दिसणारा किमान टापू दीड लाख चौरस किलोमीटरच्या घरातला. अख्खा विदर्भ सुमारे 97 हजारांचा. म्हणजे ग्रेसच्या लेखी रिठद नाही, वाशिम नाही, विदर्भही धड नाही. पुन्हा तीच अडचण.

जमिनीवर ठेवून गुरुत्व मोजणारं क्वांटम उपकरण या जागी उपयोगी पडू शकतं. लेझरने अणूंचा ढग निरपेक्ष शून्याच्या वर अंशाच्या काही लक्षांश भागांपर्यंत थंड करतात आणि निर्वात नळीत सोडून देतात. पडता पडता त्याला प्रकाशाचे तीन ठोके देतात. पहिला प्रत्येक अणूची वाट दोन शक्यतांत फोडतो, दुसरा त्यांना परत वळवतो, तिसरा जुळवतो. जुळताना उमटणाऱ्या नक्षीत गुरुत्वाचा अचूक आकडा असतो. मार्क कासेविच आणि स्टीव्हन चू यांनी 1991मध्ये ही पद्धत दाखवली. बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या गटाने 2022 साली अशा उपकरणाने प्रयोगशाळेबाहेर, रस्त्याखाली पुरलेलं भुयार शोधून काढलं.

यातली खरी कसोटी नियंत्रणाची. ढगातला प्रत्येक अणू सारखा नसतो. कुणी जरा वेगात, कुणी मंद. लेझरचा झोत मध्ये प्रखर, कडेला फिका. मधल्या अणूला नेमका बसणारा ठोका कडेच्या अणूला अपुरा पडतो. सरासरी अणू धरून ठोका आखला तर कडेचे अणू वाया जातात आणि नक्षी पुसट होते. नवीन खनेजा आणि सहकाऱ्यांनी 2005 साली ‘ग्रेप’ नावाची गणिती पद्धत दिली. ठोक्याचे बारीक बारीक काप करायचे आणि प्रत्येक कापाची ताकद व कला अशी बसवत जायचं की अंतिम परिणाम हवा तसा येईल. पुढच्याच वर्षी जर-शिन ली यांच्यासोबत त्यांनी विषम समूहाच्या नियंत्रणाचा प्रश्न मांडला: आदेश एकच, पण ज्यांना तो द्यायचा ते सगळे वेगवेगळे. तो आदेश असा घडवता येईल का, की मधल्याला आणि कडेच्याला दोघांनाही लागू पडेल? खनेजा पुढे आयआयटी मुंबईत आले. पुण्याच्या आयसरमध्ये टी. एस. महेश यांचा गट चुंबकीय अनुस्पंदनाने अणुकेंद्रांवर असेच नियंत्रणाचे प्रयोग करतो.

हा विचार मला विलक्षण वाटतो. भौतिकशास्त्रज्ञाला कडेचा अणू सोडून देता येत नाही, कारण सोडला तर मापच चुकतं. आपल्या विम्याच्या सूत्रात कडेचा शेतकरी सोडला तरी सूत्र बिनचूकच म्हणवलं जातं.

या उपकरणांकडून अपेक्षा मात्र हिशेबात ठेवावी. एप्रिल 2023मध्ये केंद्राने 6,003.65 कोटींचं राष्ट्रीय क्वांटम अभियान मंजूर केलं, मुदत 2030-31पर्यंत. त्यातल्या संवेदन आणि मापन या विषयाचं केंद्र आयआयटी मुंबईत आहे. गुरुत्वाच्या मोजमापाचं अभियानातलं एक लक्ष्य आहे 100 नॅनोमीटर प्रति सेकंद वर्गापेक्षा बारीक फरक टिपणं. पसरलेल्या पाण्याच्या थराचं गुरुत्व काढायचं सूत्र लावलं तर एवढा फरक सुमारे 24 सेंटिमीटर पाण्याने पडतो. आमच्या काळ्या दगडात पाणी साठायला जागाच थोडी, दोन टक्के धरा. विहिरींची पातळी पाच मीटर चढली तरी दगडात भरलेलं पाणी दहा सेंटिमीटर भरतं, म्हणजे फरक 42 नॅनोमीटरचा. लक्ष्याच्या दुपटीहून जास्त बारकावा लागेल, तेव्हा कुठे रिसोड तालुक्याच्या जमिनीचं पोट किती भरलंय हे कळायला सुरुवात होईल. हे होणार नाही असं नाही. पण येत्या खरिपाला ते हाताशी नसेल.

काही गोष्टींना मात्र नव्या भौतिकशास्त्राची वाट पाहायची गरज नाही. ढगांआडून पाहणारे रडार उपग्रह आहेत. युरोपचा सेंटिनेल-1 आहे, आणि 30 जुलै 2025ला श्रीहरिकोट्याहून भारत-अमेरिकेचा निसार गेला. एका हेक्टरच्या वावरात दहा मीटरच्या शंभर चौकटी बसतात, तेवढं स्पष्ट आता दिसतं. निसार एका जागेवर 12 दिवसांनी परततो. तोवर आमच्या नाल्यांचा पूर केव्हाच ओसरलेला असतो, पण खरडलेली माती आणि बसलेला गाळ ओसरत नाही. पंचनाम्याला तो साक्षीदार पुरेसा आहे. ग्रामपंचायत पातळीवर हवामान केंद्रं बसवण्याचं धोरणही ‘विंड्स’ योजनेतून आलं आहे.

सगळ्यात महत्त्वाची आहे रेघ. जलसंपदा खात्याकडे पूररेषा आखण्याची पद्धत आहे: 25 वर्षांतून एकदा येईल अशा पुराची निळी, 100 वर्षांतून एकदाची लाल. आजवर तिचा उपयोग मुख्यतः शहरांतल्या बांधकाम परवानग्यांना झाला. तीच रेषा पैनगंगा आणि तिच्या ओढ्यांच्या शेतीला लावून निळ्या रेषेआतली पट्टी हा विम्याचा स्वतंत्र घटक करता येईल, मग ती तीन मंडळांतून जावो की दोन जिल्ह्यांतून. वरच्या उदाहरणातले ते 25 जण स्वतंत्र घटक झाले तर त्यांची सरासरी शून्य, उंबरठ्याच्या खाली, भरपाई पूर्ण. दांडेकरांची 1976ची अटही यात मोडत नाही. त्यांनी एकजिनसी क्षेत्र मागितलं होतं, आणि पुरापुढे एकजिनसी असते ती हीच पट्टी.

अशा पट्टीचा विमा हप्ता चढा असेल, हे उघड आहे. शेतकऱ्याचा खरीप हिस्सा 2 टक्क्यांवर बांधलेला आहे, उरलेला केंद्र आणि राज्य वाटून घेतात. केंद्राने 2020पासून आपला वाटा जिरायती क्षेत्रात 30 टक्के हप्तादरापर्यंत आणि बागायतीत 25 टक्क्यांपर्यंतच ठेवलाय. काठच्या पट्टीचा दर त्यावर गेला तर वरचा सगळा बोजा राज्याच्या तिजोरीवर येईल. तो राज्याने उचलावा. बॅरेज बांधताना खोऱ्याच्या लाभाचा हिशेब राज्यानेच मांडला होता, काठच्या तोट्याचाही त्यानेच मांडायला हवा.